कीटकभक्षक वनस्पतींची निद्रा

‘झोपला तो संपला’ ही म्हण आपल्याकडे लहानपणापासून प्रत्येकाच्या कानीं पडते. कुंभकर्णाची झोंप हा थट्टेचा विषय, आणि पहांटे उठणारा तो सद्गुणी, हा हिशेब घरोघर ठरलेला आहे. तथापि ज्या समाजांत ही म्हण रुळली, त्याच समाजांत आषाढ शुद्ध एकादशीस देव निजतात व कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात असेंही मानिलें जातें. आणि देव निजले म्हणून जगाचा कारभार अडल्याचें कोणीं ऐकिलें नाहीं. विश्रांति हाही कामाचाच एक भाग आहे, हा विचार आपल्या पंचांगांत आहे. आपल्या म्हणींत तो उतरला नाहीं, इतकेंच. प्रस्तुत लेखांत ज्या वनस्पतींविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्यांचें सारें आयुष्य म्हणीच्या विरुद्ध व पंचांगाच्या बाजूनें साक्ष देणारें आहे.

या वनस्पतींस कीटकभक्षक वनस्पती म्हणतात. त्यांच्या आठशेंच्या आसपास जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. पाणथळ, आम्लधर्मी, आणि नत्र व स्फुरद या द्रव्यांच्या बाबतींत अगदीं दरिद्री अशा जमिनींत त्या वाढतात. मुळांना जें मिळत नाहीं तें पानांनीं मिळवावें, हा त्यांचा बाणा. ड्रॉसेरा, म्हणजे आपल्याकडील दवबिंदू, पानांवरील केसांच्या टोंकांशीं चिकट थेंब धरून बसतो. मेघालयांतील घटपर्णी व अमेरिकेंतील सारासेनिया यांच्या पानांचे घडे बनलेले असतात. व्हीनस फ्लायट्रॅप नांवाच्या झाडाचें पान पुस्तकासारखें मिटतें. आणि युट्रिक्युलेरिया, जिच्या कांहीं जातींना आपल्याकडे ‘सीतेचीं आसवें’ असें गोड नांव आहे, ती पाण्यांत किंवा ओल्या मातींत बारीक फुग्यांचे सांपळे लावते. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हीं झाडें कीटकांवर ‘जगतात’ असें म्हणणें अतिशयोक्तीचें होय. इतर झाडांप्रमाणेंच हवा, पाणी व सूर्यप्रकाश यांपासून तीं आपली शर्करा तयार करतात. कीटक हें त्यांचें खत आहे. आणि त्या खताचा हिशेब पुढें निद्रेशीं कसा येऊन मिळतो, हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

यांपैकीं ज्या जाती युरोप, उत्तर अमेरिका इत्यादि थंड हिंवाळ्याच्या प्रदेशांत वाढतात, त्यांतील बहुतेक वर्षांतून तीन-चार महिने निजतात. ही गोष्ट त्या प्रदेशांतल्या माळ्यांना आज पाठ असली, तरी शास्त्राच्या इतिहासांत तिला फार उशिरां जागा मिळाली. शिकारीच्या नवलानें विद्वानांचे डोळे इतके दिपले कीं शिकारी झोंपतो केव्हां हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

या इतिहासाचा आरंभ २ एप्रिल १७५९ या दिवशीं झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या दिवशीं उत्तर कॅरोलिनाचा गव्हर्नर आर्थर डॉब्ज यानें लंडनच्या पीटर कॉलिन्सन या वनस्पतिप्रेमी व्यापाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत, स्पर्श होतांच मिटणाऱ्या व माशी पकडणाऱ्या एका झाडाचा प्रथम उल्लेख केला. हें झाड ३४ अक्षांशावर उगवतें, ३५ वर उगवत नाहीं, असें त्यानें त्याच पत्रांत नोंदविलें आहे. पुढें १७६८ सालीं विल्यम यंग यानें जिवंत झाडें इंग्लंडांत नेलीं. जॉन एलिस यानें त्यांचें वर्णन करून ‘डायोनिया मस्किपुला’ हें शास्त्रीय नांव दिलें आणि स्वीडनच्या लिनियसला कळविलें. लिनियस थक्क झाला. परंतु वनस्पतीनें प्राणी खावा ही गोष्ट मात्र त्यानें मान्य केली नाहीं. पानाचें मिटणें हें लाजाळूच्या मिटण्यासारखेंच आहे व कीटक त्यांत योगायोगानें सांपडतो, असें त्याचें मत राहिलें. आणि लिनियसचा शब्द म्हणजे त्या काळीं वनस्पतिशास्त्रांतलें वेदवाक्यच असल्यामुळें पुढील शंभर वर्षें या विषयाची फारशी प्रगति झाली नाहीं.

एलिसनें या झाडाचें वर्णन १७७० सालीं ज्या पुस्तकांत छापलें, तें पुस्तक मोठें बोलकें आहे. पौर्वात्य व इतर दूरच्या देशांतून बिया व रोपें जिवंत कशीं आणावीं, याच्या सूचना देण्यासाठीं तें लिहिलेलें होतें. फ्लायट्रॅप त्याला जोडलेला. त्या काळीं व्यापारी जहाजांतून जगभरची झाडें इकडून तिकडे जात होतीं. पेटी कशी बांधावी, माती किती घालावी, समुद्राच्या खाऱ्या तुषारांपासून रोप कसें जपावें, या गोष्टींचा विचार होत होता. परंतु झाडाबरोबर त्याची माती जाऊं शकली, तरी त्याचा ऋतु जाऊं शकत नव्हता. पेटींत भरतां येत नाहीं असा झाडाचा एक अवयव असतो, आणि तो म्हणजे त्याच्या गांवचें हवामान, हा धडा बागाईतदारांना पुष्कळ झाडें गमावून शिकावा लागला.

फ्लायट्रॅपचें मूळ गांव फार लहान आहे. उत्तर कॅरोलिनांतील विल्मिंग्टन शहराच्या सभोंवतीं सुमारें दीडशें किलोमीटरांच्या टापूंत, उत्तर व दक्षिण कॅरोलिनांच्या किनारपट्टीवरील वाळूमिश्रित दलदलींत तेवढें तें नैसर्गिक रीत्या वाढतें. तेथें जानेवारींत रात्रीचा पारा एक-दोन अंशांपर्यंत उतरतो व दिवसाही चौदा-पंधरा अंशांच्या वर सहसा जात नाहीं. डिसेंबरांतला लहानांतला लहान दिवस जेमतेम दहा तासांचा. दिवस आखडूं लागला व रात्री थंड होऊं लागल्या म्हणजे झाड तो इशारा ओळखतें. उन्हाळ्यांतलीं उंच पानें काळीं पडून गळतात. नवीं येतात तीं आंखूड, जमिनीला चिकटलेलीं. सांपळे मंदावतात, कांहीं मिटतच नाहींत. वरून पाहणारास झाड मेलें असेंच वाटतें. परंतु मातीखालीं पांढरट, मांसल असा एक कंद असतो, आणि सर्व पुंजी तेथें सुरक्षित असते. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तेथून नवीं पानें व फुलांचा दांडा निघतो. ही झोंप मिळाली नाहीं तर झाड लगेच मरत नाहीं. एक-दोन वर्षें तें तसेंच रेटतें, दर वर्षीं पानें बारीक होत जातात, आणि मग एके दिवशीं कांहीं कारण न दिसतां तें संपतें. म्हणजे आपली म्हण येथें उलटी लागू पडते: जें झोंपलें नाहीं तें संपलें.

या निद्रेंत नेमकें काय घडतें, हें समजण्याची वाट ज्या प्रयोगानें दाखविली, त्याकडे आतां वळूं. चार्ल्स डार्विन यांचें लक्ष १८६० च्या उन्हाळ्यांत ससेक्स परगण्यांतल्या एका माळरानावर गोल पानांच्या ड्रॉसेराकडे गेलें. त्यानंतर पंधरा वर्षें ते अधूनमधून या विषयावर काम करीत होते. १८७५ सालीं त्यांचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व लिनियसची शंका कायमची मिटली. हीं पानें कीटक पकडतात, त्यांवर पाचक रस सोडतात आणि विरघळलेलें द्रव्य शोषून घेतात, हें डार्विन यांनीं निर्विवाद सिद्ध केलें. परंतु एक आक्षेप शिल्लक राहिला. पचन होतें हें खरें. पण त्यापासून झाडाचा फायदा होतो कशावरून? मांस न मिळालेलीं झाडेंही हिरवींगार दिसतात, मग हा सारा खटाटोप कशासाठीं?

या प्रश्नाचें उत्तर त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनीं १८७७ च्या जूनमध्यें आरंभिलेल्या प्रयोगानें दिलें. त्यांनीं सुमारें दोनशें ड्रॉसेरा शेवाळ भरलेल्या सुपाच्या बशांमध्यें लाविले. प्रत्येक बशीच्या मध्यें लांकडी पट्टी घालून दोन भाग केले. एका भागांतल्या झाडांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्या भागांतल्यांना कांहींच दिलें नाहीं. आणि आपण होऊन कीटक येऊं नयेत म्हणून सर्वांवर जाळीचें आच्छादन घातलें. शरदांत हिशेब झाला तेव्हां उपाशी झाडांच्या शंभर बियांस पोसलेल्या झाडांच्या दोनशें एकेचाळीस बिया पडल्या, आणि बियांचें एकूण वजन तर जवळजवळ पावणेचार पट भरलें. पानांच्या हिरवेपणांत जो फरक डोळ्यांस फारसा दिसत नव्हता, तो बियांत स्पष्ट दिसला.

बहुतेक लेखक या प्रयोगाची गोष्ट येथेंच संपवितात. आम्हांस मात्र त्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. फ्रान्सिस डार्विन यांनीं कांहीं झाडें तशींच राखून ठेविलीं व हिंवाळ्यांत त्यांस निजूं दिलें. या निद्रेच्या काळांत कोणासही मांस दिलें नाहीं. पुढच्या वसंतांत, १८७८ सालीं, दोन्ही बाजूंचीं झाडें फुटलीं तेव्हां त्यांचें वजन करण्यांत आलें. आणि आदल्या उन्हाळ्यांत पोसलेल्या झाडांची वाढ उपाशी झाडांच्या दुपटीहून अधिक भरली. म्हणजे उन्हाळ्यांतली कमाई हिंवाळ्याच्या झोंपेंतून सुखरूप पार होऊन वसंतांत खर्चास आली. झोंप हें झाडाचें धान्याचें पेंव आहे. पेंव वरून पाहिलें तर सपाट जमीन; कोणास खालचा दाणा दिसत नाहीं; पण पुढच्या सालचें घर त्यावर चालतें. शिकार आणि निद्रा या दोन वेगळ्या नवलाच्या गोष्टी नसून एकाच व्यवहाराच्या जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत, हें त्या सुपाच्या बशांनीं दाखविलें.

हें पेंव भरण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. गोल पानांचा ड्रॉसेरा शरदांत आपलीं सर्व पानें सोडून देतो व मध्यभागीं घट्ट गुंडाळलेली एक हिंवाळी कळी तेवढी ठेवतो. युरोपांतील पिंग्विक्युला तर मुळेंही टाकून देते. उरते ती खवल्यांची एक गांठ, जी पाण्याच्या लोंढ्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजूं शकते. परंतु सर्वांत सुंदर रीत पाण्यांत राहणाऱ्या जातींची होय. आल्ड्रोव्हांडा नांवाची एक मूळरहित वनस्पति संथ पाण्यांत तरंगते. तिचे सांपळे फ्लायट्रॅपसारखेच मिटणारे, पण अवघे कांहीं मिलिमीटरांचे. थंड देशांत शरद आला म्हणजे तिच्या शेंड्याशीं पानांची दाट कळी तयार होते, ती पिष्टानें जड होऊन तळाशीं बुडते, वर पाणी गोठलें तरी खालीं चिखलांत सुरक्षित राहते, आणि पाणी तापूं लागलें म्हणजे हलकी होऊन पुन्हां वर येते.

या आल्ड्रोव्हांडेचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे. पाश्चात्य ग्रंथांत तिची पहिली नोंद १६९६ सालची, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनार्ड प्लुकनेट याची, आणि ती हिंदुस्थानांतून आलेल्या नमुन्यावरून केलेली आहे. इटलींतल्या झाडांवरून तिला आल्ड्रोव्हांडीचें नांव मिळालें तें पुढें १७४७ सालीं. डार्विन यांनीं आपल्या ग्रंथांत जर्मनींतल्या जिवंत झाडांबरोबर बंगालच्या वाळविलेल्या नमुन्यांचीही तपासणी केली होती. आतां मौज अशी कीं, जी वनस्पति युरोपांत न चुकतां हिंवाळी कळी करून बुडते, तिचेच उष्ण प्रदेशांतले भाऊबंद अशी कळी करीत नाहींत, वर्षभर वाढत राहतात. तेथें थंडी नाहीं, म्हणून थंडीची झोंपही नाहीं. निद्रेची संवय ही वंशाबरोबर आली खरी. पण कोणत्या वंशानें ती कोणत्या ऋतूंत ठेवावी, हें ज्या त्या भूमीनें ठरविलें.

येथवर वाचून वाचक विचारतील कीं, मग आमच्या नागपुराकडे या झाडांचें काय? प्रश्न रास्त आहे. नागपुरच्या दक्षिणेस असलेलें आमचें बेसा हें गांव थोड्या वर्षांपूर्वींपर्यंत शेतांचें होतें. आतां तेथें शहरच येऊन ठेपलें आहे, नव्या वसाहती उठल्या आहेत, आणि घरोघरच्या गच्च्यांवर हौशी लोक कुंड्यांतून देशोदेशींचीं झाडें लावूं लागले आहेत. प्रयोगशाळेंत वाढविलेलें फ्लायट्रॅपचें रोप आतां टपालानें घरीं येतें. मुलांना तर त्याचें विलक्षण वेड. मात्र त्या रोपाच्या दृष्टीनें बेसा हें कसें ठिकाण आहे, याचा हिशेब कुंडी विकत घेण्यापूर्वीं मांडलेला बरा.

नागपूर २१ अक्षांशावर आहे. डिसेंबरांतला सर्वांत लहान दिवसही येथें पावणेअकरा तासांहून मोठा. डिसेंबर-जानेवारींत रात्रीं पारा सरासरीनें बारा-तेरा अंशांवर येतो, परंतु दुपारीं पुन्हां अठ्ठावीसपर्यंत चढतो. कधीं कधीं कडाक्याची थंडी पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरास ३.५ अंश तपमान नोंदलें गेलें. परंतु अशी थंडी चार दिवसांची पाहुणी. म्हणजे फ्लायट्रॅपला रात्रीं झोंप येते आणि दुपारीं कोणीतरी हलवून जागें करतें. त्यावर मार्चपासून जो उन्हाळा सुरू होतो तो झाडानें स्वप्नांतही पाहिलेला नसतो. २३ मे २०१३ रोजीं येथील पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अर्धवट झोंपून उठलेला माणूस जसा भर उन्हांत पाठवावा, तशी त्या झाडाची गत होते. त्यांतून पाण्याची अडचण वेगळी. नागपुरचा पश्चिम व दक्षिण भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर बसला आहे. सीताबर्डीची टेंकडी त्याच दगडाची. या भागांतल्या विहिरींचें पाणी क्षारांनीं जड असतें, आणि क्षार हे या दरिद्री जमिनीच्या झाडांना विषासमान. त्यांना लागतें पावसाचें पाणी. तें गच्चीवर सांठविलें तर फुकट मिळतें.

उष्ण देशांतल्या हौशी लोकांनीं निद्रेच्या अडचणीवर एक तोड काढली आहे. हिंवाळ्यांत झाडाचीं वाळलेलीं पानें कातरून, कंद ओल्या शेवाळांत गुंडाळून, सुमारें तीन महिने तो फ्रिजमध्यें चार-पांच अंशांवर ठेवावयाचा. उपाय विनोदी दिसतो, पण तो लागू पडतो. १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाचें जहाज अमेरिकेंतल्या तळ्यांचा गोठलेला बर्फ भुशांत बांधून कलकत्त्यास आलें, व पुढें मुंबई-मद्रासेसही असा बर्फ येऊं लागला, त्याची येथें आठवण होते. अमेरिकेचा हिंवाळा त्या वेळीं आपल्याकडे येत होता तो साहेबलोकांचें सरबत गार करण्यासाठीं. आज तोच हिंवाळा दुधाच्या पातेल्याशेजारीं एका डबींत निजलेला असतो, आणि त्याच्या जोरावर कॅरोलिनाचें झाड बेसा येथें चैत्र पाहतें. ज्यानें परदेशचें झाड आणलें त्यानें त्याची झोंपही आणली पाहिजे, हा एलिसच्या पुस्तकांतून राहून गेलेला नियम आतां आम्हांस कळला आहे.

परंतु परदेशच्या शिकाऱ्याचे एवढे लाड करतांना आपल्या घरचे शिकारी कोठें आहेत, हें पाहण्याचें आपण विसरतों. काळा पाषाण मागें टाकून नागपुराहून पूर्वेकडे जावें तों जमीन बदलते, जुना स्फटिकमय खडक वर येतो, भाताचा प्रदेश लागतो. नागपुरच्या परिसरांतील खडकांचा हा पालट स्टीफन हिस्लॉप या मिशनरी भूगर्भशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तपासला होता. या पूर्व भागांत, भंडारा-गोंदियाकडे, कोहळी समाजानें बांधलेलीं जुनीं तळीं आहेत; सरकारी दप्तरांत त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतात. तळ्यांच्या उथळ पाण्यांत पिवळ्या फुलांच्या तरंगत्या युट्रिक्युलेरिया असतात, आणि धानाच्या बांध्यांच्या ओलसर कडेला, रेताड जागीं, दवबिंदूच्या जाती आढळतात. पश्चिमेस सह्याद्रीवर तर त्यांची जत्राच भरते. सातारच्या कास पठारावर जांभ्या दगडाच्या पातळ मातींत, गेंदाच्या पांढऱ्या फुलांच्या सोबतीनें, श्रावण-भाद्रपदांत निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे पसरतात व मधूनच दवबिंदूचे लाल तंतू चमकतात. २०१२ सालीं पश्चिम घाटाचीं जीं ३९ स्थळें जागतिक वारशांत घेतलीं गेलीं त्यांत कास आहे.

सीतेचीं आसवें नाजूक खरीं, पण त्यांचा मातींतला सांपळा जगांतील अत्यंत चपळ यंत्रांपैकीं एक आहे. फुग्यांतील पाणी झाड बाहेर टाकून ठेवतें. दाराशीं सूक्ष्म जीवाचा स्पर्श होतांच दार उघडतें व तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अवधींत आंत खेंचला जातो. डार्विन यांना वाटलें होतें कीं जीव स्वतःच दार ढकलून आंत शिरतो. हा सांपळा झाड स्वतः चालवितें, हें ज्यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्वतंत्रपणें ओळखलें त्यांत मद्रासकडील टी. एकांबरम् हे एक होत. त्यांचा पहिला लेख १९१६ सालचा. पुढें एम. के. जनार्दनम् व ए. एन. हेन्री यांनीं १९९२ सालीं भारतांतील युट्रिक्युलेरियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि २००० सालीं महाराष्ट्रांतल्या एका नव्या जातीस एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जनार्दनम् यांचेंच नांव दिलें. म्हणजे हा शोध अजून संपलेला नाहीं.

या घरच्या शिकाऱ्यांची निद्रा हिंवाळी नाहीं. आपला कठीण ऋतु थंडीचा नव्हे, कोरडीचा. देव निजतात तेव्हां सीतेचीं आसवें जागीं होतात, आणि कार्तिकी एकादशीस देव उठतात त्या सुमारास सड्यावरचीं बहुतेक आसवें व दवबिंदू आपलें बीं टाकून मोकळे झालेले असतात. पुढील सात-आठ महिने त्यांचें सारें कुळ धुळीच्या कणाएवढ्या बियांच्या रूपानें खडकाच्या फटींत, भेगाळलेल्या चिखलांत, वाळलेल्या गवताच्या मुळाशीं निजतें. निलगिरी व हिमालयाकडील ड्रॉसेरा पेल्टाटा हा जमिनींतल्या लहान कंदांत निजतो. युरोपांतल्या हिंवाळी कळीचें जें काम, तेंच या बियांचें व कंदांचें. पेंवाची जागा बदलली, व्यवहार तोच.

आणि येथेंच आमच्या लेखाचा खरा मुद्दा येतो. युरोपांतली निजलेली दलदल बर्फानें झांकलेली असते. बर्फ वितळेल व कांहींतरी उगवेल, हें तेथें पोरासोरांस ठाऊक असतें. आमची निजलेली भूमि मात्र उघडी, काळी-तांबडी, रखरखीत पडलेली असते, आणि ती तशी पडलेली असतांनाच तिची मोजणी होते. महसुलाच्या भाषेंत अशा जमिनीस ‘पोटखराब’ म्हणण्याचा प्रघात आहे. ज्या जमिनींतून धान्य निघत नाहीं ती खराब, हा नियम सारा वसूल करणाराच्या सोयीचा होता. परंतु शब्द दप्तरांत बसला कीं तो मनांतही बसतो. कोंकणांतल्या जांभ्याच्या सड्यावर चिऱ्याच्या खाणी निघतात, सुरुंगानें खडक फोडून बाहेरची माती भरून आंब्याच्या बागा उठतात. याच सड्यांवर मानवानें प्राचीन काळीं कोरलेलीं कातळशिल्पें आहेत. म्हणजे ज्यांस आपण पडीक म्हणतों त्या जागेचा मान आपल्या पूर्वजांनीं आपल्याहून अधिक ओळखला होता. साताऱ्याकडील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. विदर्भांतल्या तळ्यांत गाळ सांचतो, कांठ बुजतात. शहराच्या कडेवरच्या आमच्या बेसासारख्या गांवांत ओलसर खोलगट जागा दिसली कीं तींत मुरूम पडतो आणि तिचा भूखंड होतो. यांतलें पुष्कळसें काम उन्हाळ्यांत होतें, कारण तेव्हां जमीन कोरडी असते, गाड्या रुतत नाहींत. कोणाचा दुष्ट हेतु नसतो. तेथें कोणी निजलें आहे हेंच त्यांस ठाऊक नसतें.

घरें नकोत, आंबा नको, पवनचक्की नको, असें आमचें म्हणणें नाहीं. माणसांस रहावयास जागा हवी, उदरनिर्वाह हवा. सड्याकांठच्या गरीब शेतकऱ्यास त्याच्या जमिनीचें चार पैसे मिळावेत हेंही न्याय्य आहे. कास पठारावर हंगामांत येणाऱ्या लोकांच्या संख्येवर मर्यादा घातली जाते व प्रवेशाचें शुल्क आकारलें जातें, त्यावरून जागा राखूनही गांवास कांहीं मिळतें हें दिसतें. परंतु कास हें नांवाजलेलें पठार. त्याच्या फुलांच्या तसबिरी घरोघर गेल्या. ज्या शेंकडों सड्यांना व तळ्यांना नांव नाहीं, त्यांची साक्ष काढणार कोण?

आमची सूचना अगदीं साधी आहे व तिला खर्चही फारसा लागत नाहीं. कोणतीही जागा पडीक ठरविण्यापूर्वीं, बुजविण्यापूर्वीं किंवा फोडण्यापूर्वीं, तिची एक पाहणी श्रावणांत व्हावी. वैशाखांतला पंचनामा निजलेल्या माणसाच्या जबानीसारखा असतो. त्यावरून निकाल देणें कोणत्याही न्यायास शोभत नाहीं. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं आज शाळा-महाविद्यालयें आहेत, तेथें वनस्पतिशास्त्र शिकविणारे शिक्षक आहेत, चिखलांत गुडघे टेंकण्यास हौसेनें तयार असलेलीं मुलें आहेत. नागपुराहून दोन तासांच्या प्रवासांत भंडाऱ्याकडील एखाद्या तळ्याचा कांठ गांठतां येतो. फ्लायट्रॅपच्या कुंडीपुढें जें मूल तासन्‌तास बसतें, त्यास एकदां पावसांत तेथें न्यावें व पाण्यांतला तो हिरवा धागा तळहातावर घेऊन त्याचे फुगे दाखवावे. परदेशच्या झाडासाठीं फ्रिजमध्यें जागा करून देणारें घर, आपल्या गांवच्या झाडांसाठीं चार महिन्यांची कळ सोसावयास तयार होईल, अशी आम्हांस आशा वाटते.